बनवायला एक रात्र, वेगळं करायला आठवडा

रसायनशास्त्र विभागाच्या जिन्यापाशी जो नोटीस बोर्ड आहे, त्यावर ऑगस्टमध्ये टाचणी मारायला जागा उरत नाही. एमएस्सी भाग एकच्या प्रवेशाची पुढची यादी, भाग दोनच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी मार्गदर्शकांचे पसंतीक्रम कधीपर्यंत द्यायचे त्याची तारीख, पीएचडी कोर्सवर्कचं वेळापत्रक, कुणाचा तरी प्री-सबमिशन सेमिनार, बोईसरकडच्या एका औषध कंपनीच्या कॅम्पस मुलाखती, आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांच्या जयंतीचं व्याख्यान. आणि या सगळ्यांच्या वर, दुसऱ्याची नोटीस अर्धी झाकून लावलेली एक चिठ्ठी: हेलियम भरायचं असल्यामुळे एनएमआर दोन दिवस बंद. बाहेरून आलेला माणूस व्याख्यानाची नोटीस वाचेल. आमची मुलं ती चिठ्ठी वाचतात आणि कपाळाला हात लावतात.

मी या विभागात सेंद्रिय रसायन शिकवते. आमच्याकडे लोक सतत काहीतरी ‘तयार’ करत असतात असा बाहेर समज आहे. तयार करणं हा या कामाचा अगदी लहान भाग. संध्याकाळी अभिक्रिया लावली की ती रात्रभर चुंबकी ढवळणीवर आपली आपण चालते आणि सकाळी बहुतेक संपलेली असते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. फ्लास्कमध्ये हवं ते संयुग असतंच, पण त्याच्याबरोबर न संपलेला कच्चा माल असतो, नको असलेलं भावंड संयुग असतं, उत्प्रेरकाचा गाळ असतो आणि तळाशी काळपट चिकट असं काहीतरी असतं, ज्याच्या नावाची चौकशी कुणी करत नाही. या सगळ्याला मिळून ‘क्रूड’ म्हणतात. त्यातून आपलं तेवढं बाहेर काढायचं. पीएचडीची पाच वर्षं कशात गेली असं विचारलं, तर खरं उत्तर हेच आहे, फक्त प्रबंधात ते एका ओळीत संपतं: ‘संयुग कॉलम क्रोमॅटोग्राफीने शुद्ध केले.’

ती एक ओळ प्रत्यक्षात कशी घडते ते बघायला तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं. परवा तिथे पीएचडीची एक विद्यार्थिनी कॉलम लावत होती आणि प्रोजेक्टला नुकतीच आलेली मुलगी शेजारी उभी होती. हातभर उंचीची काचेची नळी, खाली स्टॉपकॉक. तळाला कापसाचा बोळा, फार घट्ट नाही आणि फार सैलही नाही. त्यावर बोटभर वाळू. मग बीकरमध्ये सिलिका आणि हेक्झेन घोळून केलेली पातळ लापशी एका दमात आत ओतायची आणि रबरी नळीच्या तुकड्याने काचेला बाहेरून टकटक करत राहायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात आणि सिलिका सारखी बसते. सिलिका कोरडी हाताळताना मास्क हवाच. तिची पूड इतकी हलकी असते की डबा उघडला की हवेत उडते आणि ती फुप्फुसात जाऊ द्यायची नसते. मास्क गळ्यात लटकवून काम करणारी मुलं मी रोज बघते आणि रोज तेच बोलते.

क्रूड थेट ओतत नाहीत. ते थोड्या सिलिकेवर शोषून, रोटावर, म्हणजे फिरत्या बाष्पकावर, सॉल्व्हंट उडवून, कोरडी भुकटी करून वरून टाकतात. हा थर जितका पातळ आणि सपाट, तितकं वेगळं होणं चांगलं. मग पुन्हा वाळू आणि त्यावर हळूच सॉल्व्हंट. आधी नुसतं हेक्झेन, मग त्यात दोन टक्के इथाइल ॲसिटेट, मग पाच, मग दहा. घाई करून एकदम तीस टक्क्यांवर गेलं तर सिलिका तापते, आत सॉल्व्हंटचे बुडबुडे होतात आणि कॉलमला आडवी भेग पडते. ‘कॉलम क्रॅक झाला’ हे वाक्य आमच्या मजल्यावर ज्या सुरात म्हटलं जातं, त्या सुरात इतर लोक अपघाताची बातमी सांगतात.

मग थेंब. टेस्ट ट्यूबचा स्टँड खाली धरायचा, एक भरली की पुढची, प्रत्येकीवर नंबर. दर चार-पाच ट्यूबनंतर टीएलसी, म्हणजे पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिकेचा थर दिलेली प्लेट कात्रीने कापून बोटाएवढी करायची आणि खाली रेघ मारायची. नव्या मुलीने खिशातून बॉलपेन काढलं.

“अगं, पेन नको, पेन्सिल घे. शाई वर पळते.”

“ताई, सगळ्या ट्यूब बघायच्या?”

“सगळ्या. मधलीच नेमकी मिक्स असते.”

केसासारख्या बारीक काचनळीने ठिपके दिले, प्लेट जारमध्ये उभी केली. सॉल्व्हंट वर चढलं तशी ती बाहेर काढून वाळवली आणि २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली. हिरव्या उजेडात काळे ठिपके. बारा ते एकोणीस नंबरच्या ट्यूबांत एकच ठिपका. वीस आणि एकवीसमध्ये एकाखाली एक, जवळजवळ चिकटलेले दोन. बाविसाव्यात फक्त खालचा. बारा ते एकोणीस एकत्र करायच्या. वीस-एकवीस बाजूला ठेवायच्या आणि त्यांच्यासाठी परत नवा कॉलम लावायचा की सोडून द्यायच्या, ते ठरवायचं. खरी पारख इथे होते. सोडल्या तर उतारा, म्हणजे यील्ड, घसरतो. घेतल्या तर शुद्धता जाते. कुठलं पुस्तक हे ठरवून देत नाही. चांगल्या आणि बऱ्या संशोधकातला फरक मला अशा दोन ट्यूबांशी जास्त दिसतो, सेमिनारच्या स्लाइड्सवर कमी.

ही युक्ती रशियन वनस्पतीशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांची. पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीच्या नळीतून सोडून त्यांनी हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे केले आणि १९०३ मध्ये वॉर्सात त्याबद्दल सांगितलं. पुढची दोन-तीन दशकं रसायनशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसं लक्षच दिलं नाही. १९७८ मध्ये क्लार्क स्टिल यांनी बारीक सिलिका आणि वरून हवेचा दाब अशी सुधारणा करून दिवसभराचं काम तासाभरावर आणलं. परदेशात आता हे करणारी स्वयंचलित यंत्रं सर्रास आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत मात्र माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप ते काम करतो. तो घुरघुरत असतो आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

पावसाळ्यात तक्रार असते ती पाण्याची. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या हवेत इतकी आर्द्रता असते की कॅल्शियम क्लोराइडची बाटली रात्री उघडी राहिली तर सकाळी तिच्यात चिखल मिळतो. आयआरसाठी, म्हणजे अवरक्त वर्णपटासाठी, पोटॅशियम ब्रोमाइडची चकती दाबायची तर ती काचेसारखी स्वच्छ निघायला हवी. या दिवसांत ती दुधी निघते आणि आलेखात ३४०० च्या आसपास पाण्याचा रुंद खड्डा पडतो. नवशिके तिथे आनंदाने ‘ओएच गट आहे’ असं लिहून मोकळे होतात. टीएचएफ हे सॉल्व्हंट कोरडं करायला सोडियम आणि बेन्झोफिनोन टाकून ऊर्ध्वपातन लावलेलं असतं. पाणी आणि हवा पूर्ण गेली की त्या फ्लास्कला गडद निळा रंग येतो. हिवाळ्यात हा निळा लवकर येतो, आता दुपार होते तरी फ्लास्क मळकट पिवळाच. आणि त्यात सोडियम असल्यामुळे त्याच्यापासून कुणी लांब जायचं नाही, चहालासुद्धा आळीपाळीने.

या सगळ्यात स्टोअरचे मामा हे विभागातलं सर्वांत व्यवहारी माणूस. कोणत्या मुलाने हेक्झेन सांडलं, कोणाचा कंडेन्सर तडकला, कोणाच्या नावावर किती ब्रेकेज चढलं हे त्यांच्या वहीत असतं आणि ती वही विभागप्रमुखांच्या कुठल्याही फायलीपेक्षा अद्ययावत असते. वापरलेलं सॉल्व्हंट ते फेकू देत नाहीत. ऊर्ध्वपातन करून परत वापरायला लावतात. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र येणं आणि पैसे येणं यांत किती महिने जातात हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. सिलिकेचं पोतं संपत आलं की ते संशोधकांच्या आधी कासावीस होतात.

आता त्या हेलियमच्या चिठ्ठीकडे. बारा ते एकोणीस नंबरच्या ट्यूब एकत्र केल्या, रोटावर सॉल्व्हंट उडवलं, उरलेला पांढरा पदार्थ पंपावर वाळवला. तो खरंच शुद्ध आहे का, हे सांगणार एनएमआर. पाच-दहा मिलिग्रॅम नमुना ड्यूटेरियमवाल्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पेन्सिलीहून बारीक नळीत भरायचा आणि रांगेत ठेवायचा. यंत्राच्या पोटात अतिवाहक चुंबक असतो. तो उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेला असतो आणि हेलियमभोवती उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचं कवच असतं. नायट्रोजन दर आठवड्याला भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी. तो वेळेवर भरला नाही तर चुंबकच हातचा जायचा, म्हणून दोन दिवसांच्या बंदीवर कुणी वाद घालत नाही. फक्त आधीचे दोन दिवस रांग जिन्यापर्यंत येते. निकालाचा आलेख हातात आला की मुलं आधी तीन जागा बघतात: १.२६, २.०५ आणि ४.१२. हे तीन संकेत इथाइल ॲसिटेटचे. ते दिसले म्हणजे पदार्थ नीट वाळलेला नाही, परत पंपावर.

तळमजल्यावर एमएस्सी भाग एकची प्रॅक्टिकल्स सुरू होतात, तिथेही शेवटी हेच काम, साध्या हत्यारांनी. दोन पदार्थांचं मिश्रण देतात. सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण टाकलं आणि फसफसलं, तर आम्ल आहे. ते द्रावणात उतरतं, दुसरं वर राहतं. गाळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की पांढरा साका परत येतो. मग वितळणबिंदू. इथे परीक्षकांचा एक जुना डाव आहे. बेन्झॉइक आम्ल १२२ अंशांना वितळतं आणि बीटा-नॅफ्थॉलही जवळपास तिथेच. नुसत्या तापमापकावर विसंबलेला विद्यार्थी यात बरोबर अडकतो. बायकार्बोनेटमध्ये काय विरघळलं हे डोळे उघडे ठेवून पाहिलेला सुटतो, कारण नॅफ्थॉल तिथे विरघळत नाही, त्याला सोडियम हायड्रॉक्साइडच लागतो. पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. तापमापकावर ११७ दिसलेलं असतं आणि जर्नलमध्ये १२२ लिहिलेलं असतं. ११७ म्हणजे पदार्थ अजून ओला आहे किंवा अशुद्ध आहे. ही त्या दिवशीची सगळ्यात उपयोगाची माहिती, आणि तीच खोडली जाते. दोष मुलांचा कमी आहे. आपणच वर्षानुवर्षं पुस्तकातल्या आकड्याला गुण देत आलो.

रे यांच्या व्याख्यानाला दरवर्षी सभागृह अर्धंच भरतं, तरी मला तो कार्यक्रम आवडतो. जन्म २ ऑगस्ट १८६१, एडिनबरामध्ये डीएस्सी, बेंगॉल केमिकलची उभारणी, हिंदू रसायनाचा इतिहास लिहिला, हे सगळं दरवर्षी सांगून होतं. यंदाच्या पाहुण्यांनी १८९६ च्या मर्क्युरस नायट्राइटवर जास्त वेळ दिला, ते बरं झालं. पारा आणि सौम्य नायट्रिक आम्ल एकत्र ठेवलेल्या भांड्यात रे यांना पिवळे स्फटिक दिसले. त्यांना हवं होतं ते हे नव्हतं. ते फेकून न देता त्यांनी वेगळे काढले, तपासले. पाहुणे बोलत असताना मागच्या रांगेतली दोन मुलं उठून गेली. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा कॉलम चालू होता आणि कॉलम कोरडा पडू द्यायचा नसतो. मी त्यांना अडवलं नाही.

कॅम्पस मुलाखतींना मात्र सगळे थांबतात. आमच्याकडे सेंद्रियला गर्दी होते त्याचं कारण उघड आहे: तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभच्या पट्ट्यातल्या नोकऱ्या. यंदा कंपनीकडून आलेल्या गृहस्थांनी एका हुशार मुलाला विचारलं, अशुद्ध पदार्थ दिला तर काय करशील? त्याने कॉलम सांगितला, सिलिकेची जाळी सांगितली, सॉल्व्हंटचं प्रमाण सांगितलं. ते म्हणाले, “शंभर किलो माल आहे. एवढा कॉलम कुठे लावणार, आणि तेवढं हेक्झेन कुणाच्या पैशाने?” मुलगा गप्प झाला.

त्यांचं बरोबर होतं. कारखान्यात शुद्धीकरण म्हटलं की शक्यतो स्फटिकीकरण. गरम सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, गाळायचं, सावकाश थंड करायचं, अशुद्धी द्रावणात राहू द्यायची. ऐकायला सोपं, पण सॉल्व्हंट निवडायला आणि थंड करण्याचा वेग साधायला हात लागतो. स्फटिकाचा प्रकार बदलला तरी घात होतो. रिटोनाविर या एड्सवरच्या औषधाचा कमी विरघळणारा नवा स्फटिकप्रकार १९९८ मध्ये अचानक निघू लागला आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. आमच्या अभ्यासक्रमात स्फटिकीकरण पहिल्या वर्षी एकदा येतं आणि मग कॉलमच्या गर्दीत हरवतं.

म्हणून या सत्रात शनिवारी सकाळी दोन तास फक्त स्फटिकीकरण ठेवलंय. गुण नाहीत, जर्नल नाही, वितळणबिंदू जो दिसेल तोच फळ्यावर लिहायचा. सुरुवात ॲसिटॅनिलाइडने, पाण्यातून; सॉल्व्हंटचा खर्च शून्य, म्हणून मामांनी लगेच होकार दिला. पीएचडीवाल्यांनाही बोलावलंय. त्यातल्या तिघांनी कबूल केलं की एमएस्सीनंतर त्यांनी स्फटिक काढलेलेच नाहीत.