फवारणीचे अस्तर : झाकण्यापूर्वी पाहावे

घराखालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाचा मोठा खर्च कोणता, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर ‘वाहन’ असेच येईल. छोट्या व्यावसायिकाच्या बाबतीत तर वाहन हे केवळ खर्चाचे नव्हे, तर उत्पन्नाचे साधन असते. तथापि वाहनाची निगा म्हटली की लक्ष जाते ते बाहेरच्या रंगाकडे. पायाखालचा पत्रा, मालवाहू वाहनाचा हौदा आणि आसनांखालची जागा यांचा विचार सहसा होत नाही. वास्तविक वाहनाचे आयुष्य अनेकदा तेथूनच संपू लागते.

या आतील पत्र्याच्या संरक्षणासाठी अलीकडे फवारणीने बसविण्यात येणारे अस्तर, म्हणजेच ‘स्प्रे लायनर’, लोकप्रिय होत आहे. हे अस्तर उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र ते कोठे लावावे, कधी लावावे आणि कोणत्या तयारीनंतर लावावे, याची माहिती नसल्यास संरक्षणासाठी केलेला खर्चच नुकसानीचे कारण ठरू शकतो.

सर्जापूर रोडचा धडा

बंगळूरच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोड कोरमंगलाहून इब्लूर, दोम्मसंद्रमार्गे सर्जापूर गावाकडे जातो. गेल्या दोन-अडीच दशकांत या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वसाहती आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. या वसाहतींना दूध, भाजीपाला, फर्निचर आणि बांधकाम साहित्य पुरविणारी छोटी मालवाहू वाहने येथे दिवसभर धावताना दिसतात.

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात या परिसराने जे पाहिले, ते वाहनधारकांनी विसरू नये. ४ सप्टेंबरच्या रात्रीपासून दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत बंगळुरात सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला. तलाव भरून वाहू लागले. सर्जापूर रोडवरील रेनबो ड्राइव्ह लेआउट या वसाहतीत पाणी शिरून रहिवाशांना ट्रॅक्टर आणि नावांमधून बाहेर काढावे लागले. दारात उभ्या असलेल्या मोटारी पाण्यात बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर मोटार बाहेरून धुऊन स्वच्छ होते, परंतु आतील कार्पेट आणि त्याखालचा जाड नमदा स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतात. वरून हात लावला तर कोरडे वाटते आणि खाली पत्रा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे बंगळुरातील भर पावसाचे महिने असल्यामुळे हा ओलावा आपोआप सुकण्याची शक्यताही कमी असते. अशा वेळी ‘एकदाचे कार्पेट काढून अस्तर मारून घ्यावे’ हा विचार साहजिकच मनात येतो. विचार चुकीचा नाही, पण त्याची वेळ मात्र चुकू शकते.

अस्तर म्हणजे नेमके काय?

हे अस्तर म्हणजे जाड रंग नव्हे. दोन द्रवांच्या रासायनिक संयोगातून पत्र्यावरच तयार होणारा तो रबरासारखा चिवट थर असतो. एका द्रवात ‘आयसोसायनेट’ वर्गातील रसायन असते. दुसऱ्या द्रवात ‘पॉलिऑल’ असल्यास पॉलियुरेथेन तयार होते, तर ‘अमाइन’ वर्गातील रसायन असल्यास पॉलियुरिया तयार होते. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. गादीतील फोम, बुटांचे तळ आणि शीतपेटीतील उष्णतारोधक थर ही त्याच कुटुंबातील भावंडे होत.

पॉलियुरियाचा संयोग काही सेकंदांत पूर्ण होतो. त्यामुळे त्यासाठी विशेष यंत्र लागते. दोन्ही द्रव तापवून मोठ्या दाबाखाली वेगवेगळ्या नळ्यांतून आणले जातात आणि फवाऱ्याच्या तोंडाशीच त्यांची भेट होते. गॅरेजमध्ये साध्या कॉम्प्रेसरवर मारले जाणारे, बाटलीत मिळणारे अस्तर बहुधा पॉलियुरेथेनचे असते. ते सावकाश घट्ट होते आणि त्याचा थर पातळ बसतो. दोन्हीला ‘लायनर’ असेच म्हणतात. म्हणून दरपत्रकावर केवळ ‘लायनर’ एवढाच शब्द असल्यास ग्राहकाने पदार्थाचे नाव आणि थराची जाडी लेखी मागावी.

वजनाचा हिशेबही सोपा आहे. छोट्या वाहनाच्या तीन चौरस मीटर हौद्यावर तीन मिलिमीटर जाडीचा थर दिल्यास सुमारे नऊ ते दहा किलो वजन वाढते. मालवाहू वाहनास ते नगण्य आहे.

बाहेरचे पाणी आणि आतले पाणी

या अस्तराचा मुख्य गुण हाच त्याचा मुख्य धोका आहे. ते पाणी आत जाऊ देत नाही, त्याचप्रमाणे आत अडकलेले पाणी बाहेरही येऊ देत नाही. ओलसर किंवा गंजलेल्या पत्र्यावर अस्तर बसले, तर वरून सर्व काही नवे दिसते आणि आत गंजाचे काम शांतपणे चालू राहते. साध्या रंगाला फुगवटे येतात, पापुद्रे सुटतात, त्यामुळे गंज लवकर दिसतो. जाड अस्तराखाली मात्र तो पत्रा आरपार होईपर्यंत दिसत नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण माणसाच्या अब्रूला लागू पडते, गंजाला नाही.

ओलाव्याचा दुसरा परिणाम खुद्द अस्तरावर होतो. आयसोसायनेटचा पाण्याशी संयोग झाला की कर्बद्विप्राणिद वायू तयार होतो. पॉलियुरेथेनच्या थरात या वायूचे बुडबुडे राहतात आणि त्यातून सूक्ष्म छिद्रे पडतात. दमट सकाळी थंड पत्र्यावर दव धरते, ते डोळ्यांना दिसतेच असे नाही. म्हणून पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा रंगलेपनाच्या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. पावसाळ्यात ‘सकाळी गाडी द्या, संध्याकाळी न्या’ असे आश्वासन देणाऱ्या कारागिरास ही अट तो कशी पाळतो, हे अवश्य विचारावे.

कामाचा योग्य क्रम

चांगल्या अस्तराचा बहुतांश वेळ फवारणीत नव्हे, तर तयारीत जातो. प्रथम बॅटरीची जोडणी काढून आसने, कार्पेट व नमदा पूर्णपणे बाहेर काढावा. एअरबॅग असलेल्या वाहनात हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. नंतर तळ स्वच्छ पाण्याने धुऊन, सांधे व कोपरे यांसह पूर्ण वाळू द्यावा. पुराचे पाणी शिरलेल्या वाहनात यास काही दिवस लागू शकतात.

त्यानंतर गंज खरवडून काढावा. संशयित जागी पेचकसाने टोचून पाहावे. पत्रा दबत असेल, तर आधी वेल्डिंग आणि मग अस्तर हाच क्रम योग्य होय. अस्तर बसल्यावर तेथे वेल्डिंग करणे अवघड तर असतेच, शिवाय धोकादायकही असते, कारण जळणाऱ्या पॉलियुरेथेनमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. पत्रा पक्का झाल्यावर तेलकटपणा काढून पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करावा. उघड्या पत्र्यावर प्रायमर द्यावा आणि तो वाळल्यावरच फवारणी करावी.

काही जागा अस्तरापासून कटाक्षाने दूर ठेवाव्या लागतात. सीट बेल्टचे आणि आसनांचे बोल्ट, आसनांचे रूळ, वायरिंगचे जोड, एअरबॅगचे नियंत्रक उपकरण आणि तळातील पाणी निचऱ्याची भोके मास्किंग टेपने झाकून घ्यावीत. निचऱ्याचे भोक बुजले, तर पुढच्या वेळी शिरलेले पाणी बाहेर पडण्यास वाटच उरत नाही.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे चेसिस क्रमांक. काही मोटारींत तो पुढील आसनाखालच्या तळावर कोरलेला असतो. वाहन हस्तांतर, विमा दावा किंवा कर्जाच्या तपासणीच्या वेळी या क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतला जातो. तो अस्तराखाली गेल्यास वाहनाची ओळख पटविणेच कठीण होते आणि ग्राहकावर विनाकारण संशयाची सावली पडते.

फवारणी करणाऱ्याचा श्वास

अस्तराच्या किमतीत बहुधा धरली न जाणारी एक बाब म्हणजे कारागिराचे आरोग्य. आयसोसायनेट हा शब्द ऐकताच १९८४ ची भोपाळची दुर्घटना आठवते. तेथे गळती झालेले मिथाइल आयसोसायनेट हे अत्यंत वेगाने वायुरूप होणारे द्रव्य होते. अस्तरात वापरली जाणारी रसायने त्याच वर्गातील असली, तरी बहुधा जड असून सहजी वायुरूप होत नाहीत. हा भेद ध्यानात घेणे न्याय्य होय. तथापि फवारणीत त्यांचे सूक्ष्म तुषार होतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसांत पोहोचतात.

या रसायनांमुळे व्यावसायिक दमा जडतो, हे वैद्यकशास्त्रात सुप्रस्थापित आहे. एकदा शरीर त्याविषयी संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प संपर्कानेही दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो आणि अनेकदा त्या कामगाराला आपला व्यवसायच सोडावा लागतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही, कारण वास जाणवण्यापूर्वीच प्रमाण हानिकारक झालेले असते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क येथे निरुपयोगी ठरतो. मोटारीच्या बंदिस्त भागात फवारणी करताना बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा, हातमोजे, चष्मा आणि पूर्ण अंगरखा आवश्यक असतो.

ग्राहक येथे प्रेक्षक नसतो. ज्या गॅरेजमध्ये ही साधने नाहीत, तेथील कमी दर हा कोणाच्या तरी फुप्फुसांतून वसूल झालेला असतो. शिवाय जेथे माणसाच्या श्वासाची काळजी घेतली जात नाही, तेथे पत्र्याच्या कोपऱ्याची घेतली जाईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. घरच्या घरी, बंद पार्किंगमध्ये असा प्रयोग करू नये. फवारणीनंतर थर हाताला कोरडा लागला तरी उत्पादकाने सांगितलेला काळ पूर्ण होईपर्यंत वाहन उघडे ठेवावे आणि त्यात मुलांना बसवू नये.

विमा, कायदा आणि कर्ज

पाणी शिरलेल्या वाहनाच्या बाबतीत घाई सर्वांत महाग पडते. इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न न करता प्रथम विमा कंपनीस कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्वेक्षकाची पाहणी होऊ द्यावी. त्याआधीच तळ धुऊन अस्तर मारल्यास नुकसानीचा पुरावाच झाकला जातो. केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात स्वतःच्या वाहनाची पुराची हानी मिळत नाही, त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. इंजिनात पाणी गेल्याने होणाऱ्या हानीसाठी बहुधा स्वतंत्र जोडसंरक्षण घ्यावे लागते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ही बाब अधोरेखित केली. वाहनाच्या मूळ रचनेत फरक न करणारे तळाचे अस्तर हा अशा स्वरूपाचा बदल नव्हे. परंतु त्यासोबत आसने कमी करणे किंवा प्रवासी वाहनाचे मालवाहू वाहन करणे हे मात्र या कलमाच्या कक्षेत येते. आतील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. अस्तराचा पदार्थ त्या कसोटीस उतरतो काय, हे विक्रेत्यास विचारावे.

कर्ज फिटेपर्यंत वाहन बँकेकडे तारण असते. ते सुस्थितीत ठेवणे ही कराराची अट असते आणि ती ग्राहकाच्याही हिताची आहे. म्हणून मोठे काम करण्यापूर्वी करार व उत्पादकाची गंजविषयक हमी वाचावी आणि शंका असल्यास शाखेत विचारावे. काम करतेवेळी उघड्या पत्र्याची, प्रायमरनंतरची आणि अस्तरानंतरची छायाचित्रे पावतीसोबत जपून ठेवावीत. उद्या वाहन विकावयाचे झाल्यास हीच छायाचित्रे त्याची किंमत राखतील.

जुने वाहन घेणाऱ्यांसाठी याच सूचनेची दुसरी बाजू आहे. जुन्या मोटारीत अगदी ताजे अस्तर दिसल्यास ते कधी आणि कशासाठी लावले, हे विचारावे. अस्तरापूर्वीची छायाचित्रे मागावीत, वाहन खालून उचलून पाहावे आणि मागील विमा दाव्यांची माहिती घ्यावी. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास सौदा सोडलेला बरा.

निर्णय कसा घ्यावा?

ज्या हौद्यात रोज दुधाचे कॅन, विटा, बर्फातील मासळी किंवा लोखंडी सामान ओढले जाते, तेथे हे अस्तर खर्चाचे सोने करते. ओरखडे थांबतात, माल घसरत नाही आणि आवाजही कमी होतो. कौटुंबिक मोटारीत मात्र कडा उंच असलेली, काढता-घालता येणारी रबरी मॅट बहुधा पुरेशी असते. ती उचलली की खालचा पत्रा दिसतो, पुसता येतो आणि वाळविता येतो.

अस्तर हा उपचार नव्हे, ते केवळ आच्छादन आहे. निरोगी पत्र्याचे ते वर्षानुवर्षे रक्षण करते, रोगट पत्र्याचा रोग मात्र वाढवते. म्हणून वाहनाच्या आत अस्तर मारून घेण्यापूर्वी एक दिवस कार्पेट उचलून, उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी तळ पाहावा. त्या एका दिवसाच्या पाहणीत पुढील अनेक वर्षांची बचत दडलेली आहे.