कोवाल्स्की नावाची माणसे

पोलंडात कोणा सामान्य गृहस्थाला नाव द्यायचे झाले, तर त्याला 'यान कोवाल्स्की' म्हणतात. कर भरणारा, रांगेत उभा राहणारा तो यान कोवाल्स्की. तिकडे या आडनावाहून अधिक घरे एका 'नोवाक'चीच.

'कोवाल' म्हणजे लोहार. 'स्की' हा प्रत्यय आपल्या 'कर'सारखा, गावावरून नाव देणारा. बाईचे आडनाव मात्र 'कोवाल्स्का' होते. लोहारांच्या वस्तीवरून 'कोवाले' नावाची गावे पडली आणि त्या गावांचे धनी कोवाल्स्की झाले. पुढे शेतकऱ्यांनी, कारागिरांनीही हा प्रत्यय उचलला. तेव्हा 'स्की' ऐकताच सरदारकी शोधू नये, हे आम्ही श्रोत्यांना आधीच सांगून ठेवतो. खरे सरदार आपल्या कुलचिन्हाचे नाव पुढे जोडीत. चित्रकार आल्फ्रेड वेरुश-कोवाल्स्की (1849–1915) हा असाच एक. बर्फाच्या टेकडीवरून रात्री गावाचे दिवे न्याहाळणारा त्याचा एकटा लांडगा घरोघरी टांगला गेला.

आमच्या मते या नावाचा थोर मानकरी म्हणजे ज्योतिर्विद मारिआन कोवाल्स्की (1821–1884). पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटला गेला होता. याचे आयुष्य रशियातील कझान विद्यापीठात गेले. नेपच्यून 1846 मध्ये सापडला, आणि त्याच्या गतीचे गणित मांडणाऱ्या पहिल्या मंडळींत हा होता. पण त्याची खरी झेप 1859 ची. आपली आकाशगंगा फिरते काय, हे ताऱ्यांच्या स्वतःच्या सूक्ष्म सरकण्यावरून ताडून पाहण्याची रीत त्याने सुचविली. हाताशी असलेली मोजमापे तोकडी होती. उत्तर मिळाले नाही. ते फिरणे डच शास्त्रज्ञ ओर्ट याने दाखविले 1927 मध्ये! प्रश्न बरोबर विचारून उत्तराविना जाणारा माणूस आम्हांला फार मोठा वाटतो.

क्राकोचे प्राध्यापक तादेउश कोवाल्स्की (1889–1948) अरबी-तुर्कीचे पंडित. विल्नाजवळच्या त्रोकी गावातील मूठभर कराइम लोकांची तुर्की वळणाची बोली त्यांनी 1929 मध्ये ग्रंथबद्ध केली. या दोघांचे एकमेकांशी नाते शोधण्यात अर्थ नाही. लोहार गावोगावी होते.

आणि एक कोवाल्स्का. हेलेना, दहा भावंडांतली तिसरी, जन्म 1905. आडनाव लोहाराचे, पण बाप सुतार! शाळा जेमतेम तीन वर्षे. पुढे मठात फाउस्तिना हे नाव घेऊन ती स्वयंपाक, बागकाम करी, दार राखी, आणि वहीत आपले अनुभव लिही. 1938 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी ती वारली. 2000 मध्ये पोपने तिला संतपद दिले.