मन्नारच्या आखातातील प्रवाळ

तमिळनाडूत रामेश्वर ते तुतिकोरिन या किनाऱ्यालगत २१ लहान बेटांची माळ होती. तिच्याभोवतीचे प्रवाळखडक म्हणजे लाटांना थोपविणारा नैसर्गिक बांधच होय. चुन्यासाठी माणसाने तो खणून नेला आणि लाटांच्या माऱ्याने दोन बेटे पाण्याखाली गेली. १९८६ साली हा प्रदेश राष्ट्रीय सागरी उद्यान घोषित झाला. खोदकाम मात्र पुढेही बरीच वर्षे चालूच राहिले, हे नमूद केले पाहिजे. नंतर जिवंत प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या आधारांवर बांधून त्यांची समुद्रतळावर पुनर्लागवड सुरू झाली. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न पुरवितात. पाणी फार तापले की ती निघून जातात व प्रवाळ पांढरा पडतो. २०१६ मध्ये उद्यानाच्या हद्दीतील पुष्कळ प्रवाळ असेच मेले.