राखणीच्या कुत्र्याची जुनाट हगवण

भद्रावती तालुक्यातील माजरीच्या परिसरात रानडुकरांपासून पीक राखण्याच्या कामी कुत्रा शेतकऱ्याचा खरा सोबती होय. तो पोटभर खाऊनही रोडावत असेल, हगवण तीन आठवड्यांहून अधिक टिकली असेल व हिरड्या फिकट पडल्या असतील, तर अंकुशकृमींचा संशय घ्यावा. हे कृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी माणसाच्या कातडीतही शिरतात. म्हणून विष्ठा रोज उचलून खोल पुरावी. तिचा ताजा नमुना पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावा. विकार स्वादुपिंडाचा असल्यास जंताच्या औषधाने गुण येत नाही, तेव्हा अंदाजाने औषध देणे बरे नव्हे. मऊ भात व बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, हाडे काढून, थोडी थोडी तीन-चार वेळा द्यावी. तिखट कालवण, कांदा, लसूण मुळीच घालू नये. स्वच्छ पाणी सदैव जवळ ठेवावे.