एका झाडासाठी पब्लिक रडलं!

*बोलणारा रॅकून, तीनच शब्द येणारं झाड आणि वॉकमन लावून नाचणारा हिरो! 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' बघताना पब्लिक पोट धरून हसलं, हे समजू शकतं. पण थिएटरबाहेर पडताना तेच पब्लिक डोळे का पुसत होतं?*

शुक्रवार संध्याकाळ. आठवडाभर एक्सेल शीट्स, बॉसचे मेल आणि लोकलचे (किंवा पुण्यात असाल तर सिग्नलचे) धक्के खाऊन झालेत. आता काय हवं? पॉपकॉर्नचा मोठा टब, गार एसी आणि डोक्याला जराही ताप न देणारा पिक्चर. अवकाशात ढिशूम-ढिशूम, चार जोक, दोन स्फोट. बस्स! एवढ्याच अपेक्षेने ऑगस्ट २०१४ मध्ये जगभरातले लाखो लोक 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' बघायला गेले. हसून हसून बेजार झाले आणि शेवटच्या वीस मिनिटांत एका झाडासाठी चक्क हळवे झाले.

झाडासाठी! काय राव!

पण हा काही योगायोग नव्हता. हलकंफुलकं मनोरंजन म्हणून आपण ज्याला हसत हसत बाजूला सारतो, तेच कधीकधी थेट काळजात कसं घुसतं, हे त्या वेळच्या प्रेक्षकांनी अगदी स्वच्छ दाखवून दिलं.

हे कोण रे बाबा?

आधी थोडा फ्लॅशबॅक. आयर्नमॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका ही मंडळी तोवर घराघरांत पोचली होती. पण गार्डियन्स? ही टीम मूळ १९६९ च्या कॉमिक्समधली. पडद्यावर दिसली त्या धर्तीची टीम तर डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग या लेखकांनी २००८ मध्ये जुळवलेली. कट्टर कॉमिक्सवाले सोडले तर कुणाच्या गावीही नव्हती. हिरो ख्रिस प्रॅट, म्हणजे टीव्हीवरच्या कॉमेडी मालिकेतला गुबगुबीत पोरगा. दिग्दर्शक जेम्स गन, छोट्या आणि विक्षिप्त सिनेमांसाठी ओळखला जाणारा. मार्वलचा पहिला फ्लॉप हाच होणार, अशी कुजबुज तेव्हा बरीच होती.

त्यात रिलीज १ ऑगस्टला. हॉलिवूडमध्ये ऑगस्ट म्हणजे उन्हाळ्याच्या सीझनची शेपटी, बडे पिक्चर तोवर येऊन गेलेले असतात. आणि झालं काय? अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ९ कोटी ४३ लाख डॉलर! ऑगस्टमधल्या ओपनिंगचा तोवरचा विक्रम होता २००७ च्या 'द बोर्न अल्टिमेटम'चा, जेमतेम ६ कोटी ९० लाखांचा.

पण खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या आठवड्यात 'टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स'ने गार्डियन्सना पहिल्या नंबरवरून खाली ढकललं. अशा वेळी पिक्चर सहसा घसरतच जातो. हा मात्र चौथ्या वीकएण्डला पुन्हा पहिल्या नंबरवर आला! जाहिरातीने पहिला वीकएण्ड मिळतो हो, पण चौथा मिळतो तो फक्त 'अरे, तू बघितलास का?' या वाक्यामुळे. जगभरातली कमाई शेवटी पोचली सुमारे ७७ कोटी डॉलरवर.

थिएटरमधली चार माणसं

अशा शोला चार प्रकारचं पब्लिक हमखास भेटतं. तुम्ही यातले कोण, ते तुम्हीच ठरवा!

नंबर एक, कॉमिक्सवाला. याला सगळं आधीच ठाऊक असतं. ग्रूट १९६० मध्ये एक दुष्ट राक्षस म्हणून कॉमिक्समध्ये आला होता, हे तो इंटरव्हलमध्ये तुम्हाला न विचारता सांगतो. नंबर दोन, ओढून आणलेली व्यक्ती. गर्लफ्रेंड, बॉयफ्रेंड, नवरा, बायको, कुणीही. पहिली दहा मिनिटं मोबाइलवर आणि मग हळूच मोबाइल पर्समध्ये. नंबर तीन, लहान मूल. त्याच्यासाठी रॅकून हाच हिरो, बाकी सगळे साइड ॲक्टर. आणि नंबर चार, त्या मुलाचे आई-बाबा. यांना ते अवकाश, ते दगड, ते व्हिलन काहीएक कळत नाही. पण गाणी सुरू झाली की यांचे पाय आपोआप ठेका धरतात.

ही गाणी म्हणजे पिक्चरची खरी मास्टरकी. हिरो पीटर क्विलकडे त्याच्या आईने भरून दिलेली एक कॅसेट आहे. तिच्या आवडीची साठ-सत्तरच्या दशकातली गाणी. आपल्याकडेही हा काळ होऊन गेलाय की! कागदावर गाण्यांची यादी लिहून कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याकडे द्यायची, तो कोऱ्या कॅसेटवर भरून देणार, आणि रीळ गुंतलं की पेन्सिल घालून फिरवायचं. ज्याने कधी कुणासाठी अशी कॅसेट भरून घेतली असेल, त्याला क्विलचा वॉकमन वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सगळी गाणी जुनी, एकही नवीन नाही. तरीही तो अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर गेला. पूर्णपणे आधीच प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या साउंडट्रॅकला हा मान पहिल्यांदाच मिळाला. एवढंच काय, नोव्हेंबर २०१४ मध्ये तो खरोखरच्या कॅसेटवरही विक्रीला आला. वाजवायला टेपरेकॉर्डर आहे की नाही, याची फिकीर न करता लोकांनी तो घेतला!

हॉस्पिटलमध्ये जोक नाही

आता मुद्द्याची गोष्ट. (स्पॉयलर? अहो, पिक्चर २०१४ चा आहे, आता तरी बघून घ्या!)

हा धमाल पिक्चर सुरू कुठे होतो? १९८८ सालच्या एका हॉस्पिटलमध्ये. छोट्या पीटरची आई कॅन्सरने चाललीय. ती म्हणते, माझा हात धर. घाबरलेला पोरगा मान फिरवतो, आणि तेवढ्यात ती जाते. या सीनमध्ये एकही जोक नाही. पोरगा रडत बाहेर पळतो, यानात उचलला जातो आणि सव्वीस वर्षांनी एका ओसाड ग्रहावर हेडफोन लावून नाचताना दिसतो. थिएटरमध्ये हशा पिकतो. पण तो ज्या कॅसेटवर नाचतोय ती कुणी दिली, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून त्या हसण्याला तळ आहे.

टीममधल्या प्रत्येकाचं हेच. रॅकून रॉकेटवर प्रयोगशाळेत चिरफाड झालेली. धिप्पाड ड्रॅक्सची बायको-मुलगी मारली गेलेली. गमोराला तिच्या घरच्यांच्या मारेकऱ्यानेच वाढवलेलं. जखमा सगळ्यांना, पण गळे कुणी काढत नाही. ऑफिसमध्ये नाही का अशी टीम असते? एक सारखा खवचट बोलणारा, एक प्रत्येक गोष्ट शब्दशः घेणारा, आणि एक जो प्रत्येक मीटिंगमध्ये तेच एक वाक्य बोलतो. वर्षभर आपण त्यांना हसतो. मग एखाद्या रात्री डेडलाइनला तेच जागे राहतात, आणि कळतं की ही आपली माणसं आहेत.

त्या एका वाक्यवाल्याचं, म्हणजे ग्रूटचं, पूर्ण पिक्चरभर एकच पालुपद: आय ॲम ग्रूट. शेवटी यान कोसळताना तो आपल्या फांद्यांचं घरटं सगळ्यांभोवती विणतो आणि पहिल्यांदाच 'मी'च्या जागी 'आम्ही' म्हणतो. एका शब्दाचा फरक. मघापासून खिदळणारं थिएटर चिडीचूप! मग क्विलसमोर पुन्हा एकदा एक हात येतो आणि या वेळी तो धरतो. पहिल्या पाच मिनिटांत उघडं ठेवलेलं दार तिथे बंद होतं.

ग्रूटला आवाज दिला व्हिन डिझेलने. नुसता इंग्रजीत नाही, स्पॅनिश, फ्रेंच, रशियन अशा इतर भाषांतही ते तीन शब्द त्यानेच म्हटले. त्याचा जिवलग दोस्त पॉल वॉकर नोव्हेंबर २०१३ मध्ये अपघातात गेला होता. त्या दुःखातून सावरताना ग्रूटच्या कामाने आपल्याला आधार दिला, असं डिझेलने सांगितलं आहे.

आणि शेवटी कुंडीतलं ते चिमुकलं रोपटं! ड्रॅक्सची पाठ वळली की नाचतं, त्याने बघितलं की स्तब्ध. पब्लिक एवढं वेडं झालं की अधिकृत खेळणी दुकानांत येण्याआधीच काही चाहत्यांनी घरी नाचणारे ग्रूट बनवायला घेतले. रडवून झाल्यावर हसवत घरी पाठवायचं, हा हिशोब दिग्दर्शकाने बरोब्बर जमवला.

सगळ्यात खास प्रेक्षक

या पिक्चरच्या लाखो प्रेक्षकांमध्ये एक प्रेक्षक मात्र अगदी वेगळा होता. बिल मॅंटलो. कीथ गिफन या चित्रकाराबरोबर त्यानेच १९७६ मध्ये रॉकेट रॅकून जन्माला घातला. १९९२ मध्ये रोलरस्केटिंग करताना त्याला गाडीने उडवलं आणि चालक पळून गेला. मेंदूला जबर इजा झाली. त्यानंतरची बरीच वर्षं त्याने शुश्रूषा केंद्रात काढली.

२०१४ मध्ये मार्वलने खास त्याच्यासाठी या पिक्चरचा खाजगी शो ठेवला. नंतर त्याच्या भावाने सगळ्यांना कळवलं की बिलला पिक्चर जाम आवडला, आणि पडद्यावर नाव झळकलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भलंमोठं हसू होतं, सोबत आनंदाचे एक-दोन अश्रूसुद्धा. गेल्या बावीस वर्षांतला हा सर्वांत मोठा दिवस, असं भावाचं म्हणणं होतं.

'फक्त टाइमपास' म्हणतात तो हाच का?

जोक तोच, ग्रेड वेगळी

मग फंडा सिंपल आहे ना? अवकाश घ्या, जुनी गाणी टाका, जोक पेरा, झालं काम! हॉलिवूडलाही तसंच वाटलं. २०१७ चा 'थॉर : रॅग्नरॉक' याच वाटेने गेला आणि झक्कास जमला. पण २०२२ च्या 'थॉर : लव्ह अँड थंडर'ची गोष्ट बघा. त्यातही कॅन्सर आहे, त्यातही हॉस्पिटल आहे. थॉरची प्रेयसी जेन किमोथेरपी घेतेय. पिक्चरचा व्हिलन तर आपल्या लेकीला गमावलेला बाप. एवढं सगळं दुःख हाताशी असूनही पिक्चरला थांबायला वेळ नाही. किंचाळणाऱ्या बोकडांची जोडी पहिल्यांदा हसवते. पाचव्यांदा? बच्चे कंपनी खूश, मोठी माणसं घड्याळाकडे बघतायत.

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी चार दशकांहून जास्त काळ पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना पिक्चरला ग्रेड द्यायला लावते. समीक्षक नाहीत, तिकीट काढून आलेलं साधं पब्लिक. 'गार्डियन्स'ला त्यांनी 'ए' दिला, 'रॅग्नरॉक'ला 'ए', 'लव्ह अँड थंडर'ला 'बी प्लस'. ग्रेड वाईट नाही, पण बॉक्स ऑफिसवर फरक दिसलाच. सुरुवातीच्या वीकएण्डला १४ कोटी ४० लाख डॉलर कमावणाऱ्या या थॉरची कमाई पुढच्या वीकएण्डला सुमारे ६८ टक्क्यांनी कोसळली. खुद्द ख्रिस हेम्सवर्थनेही नंतर कबूल केलं की त्या पिक्चरमध्ये आपण आपलीच नक्कल होऊन बसलो.

याउलट मे २०२३ मध्ये आला 'गार्डियन्स' मालिकेचा तिसरा भाग. यात रॉकेटचं बालपण आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांचं. घरी कुत्रा-मांजर असलेल्यांची तर अवस्था बघवत नव्हती. मुलांना न्यावं की नाही, यावर पालकांमध्ये वाद झडले. 'पेटा' या प्राणिहक्क संघटनेने जेम्स गनला पुरस्कार दिला. तरीही पब्लिकची ग्रेड? पुन्हा 'ए'. दुसऱ्या वीकएण्डची घसरण ५० टक्क्यांच्याही आत आणि जगभरची कमाई सुमारे ८४ कोटी ५० लाख डॉलर. म्हणजे प्रेक्षकाला दुःख नको असतं, हे काही खरं नाही. दुःखाची चेष्टा मात्र त्याला चालत नाही.

तर सांगायचं काय...

हसायला गेलेला प्रेक्षक मूर्ख नसतो. त्याच्याही घरी कुणीतरी आजारी असतं, त्याचाही एखादा हात धरायचा राहून गेलेला असतो. तो हे सगळं तिकीटखिडकीवर ठेवून आत जात नाही, सोबत घेऊनच बसतो. जो पिक्चर हे ओळखतो, त्याच्या जोकवर तो मनापासून हसतो आणि त्याच्या झाडासाठी बिनदिक्कत रडतो. जो ओळखत नाही, त्याला तो 'ठीक होता यार' म्हणून पार्किंगमध्येच विसरतो.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी असाच एखादा हलकाफुलका पिक्चर बघायला गेलात आणि शेवटी घशात आवंढा आला, तर 'एसी जास्त होता' वगैरे थापा मारू नका. शेजारच्या सीटवरचाही तेच करत असतो. खुशाल डोळे पुसा. आणि हो, लगेच उठू नका, क्रेडिट्सनंतरही एक सीन असतो!