तीन तासांचे लग्न आणि एक डीव्हीडी

आमच्या वाचक कुटुंबांपैकी पुष्कळांच्या कपाटात लग्नाच्या जुन्या व्हीएचएस टेपा पडून असतील. त्या लावण्याचे यंत्र मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. असे यंत्र तयार करणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली ते काम थांबविले. शिवाय दमट हवेत टेपेला बुरशी लागते. तेव्हा त्या टेपांवरून घरीच डीव्हीडी तयार करून घेणे शहाणपणाचे होय. परंतु तीन तासांचा समारंभ एकाच तबकडीत बसविला म्हणजे वरातीत नाचणाऱ्यांचे चेहरे चौकोनी ठिकऱ्यांसारखे दिसू लागतात, आणि लोक यंत्राला दोष देतात. वस्तुतः हा दोष हिशेबाचा असतो.

हिशेब सोपा आहे. साध्या एकपदरी तबकडीत ४७० कोटी बाइट मावतात. (संगणक हाच आकडा ४.३८ गिगाबाइट असा दाखवितो. तो १०२४ च्या पटीने मोजतो, यात कोणाची फसवणूक नाही.) एका बाइटचे आठ बिट. ही शिदोरी एका तासावर वाटली, तर सेकंदाला सुमारे १०४ लाख बिट वाट्यास येतात. दोन तासांस ५२ लाख, तीन तासांस ३५ लाख आणि चार तासांस अवघे २६ लाख. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्रास ९८ लाखांहून अधिक देताच येत नाहीत. म्हणून एका तासाच्या चित्रणास चिंता नाही. दोन तासांपर्यंतही बहुधा निभावते. खरी कसोटी त्यापुढे लागते.

या शिदोरीतून आवाजासही वाटा द्यावा लागतो. आवाज दाबल्याविना पीसीएम पद्धतीने ठेवला, तर तो एकटाच १५ लाख बिट खातो. डॉल्बी पद्धतीने दोन लाखांत भागते, व जुन्या टेपेच्या आवाजास तेवढे पुरेसे आहे.

आता चित्राचे पाहू. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. ती सर्व पूर्ण लिहिली जात नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाने एक चित्र पूर्ण लिहितात, आणि मधल्या चित्रांत केवळ काय बदलले तेवढेच नोंदवितात. वेदीपुढे स्थिर उभ्या असलेल्या वधूवरांस म्हणून थोडके बिट पुरतात. बँडचा ताफा, उधळलेल्या पाकळ्या, चकाकणारी जरी यांस पुष्कळ लागतात. सबब सर्वत्र सारखा वाटा न देता, आधी एकदा सर्व चित्रण तपासून मग गरजेप्रमाणे वाटणारी 'दोन फेऱ्यांची' पद्धत निवडावी. वेळ दुप्पट लागतो, पण तो सत्कारणी लागतो.

जुन्या टेपेवरील मुंग्यांसारखे कण हेही यंत्रास बदलच वाटतात, आणि धुळीपायी बिट खर्ची पडतात. ते कण थोडे पुसून घ्यावेत. फार पुसल्यास आजीचा सुरकुतलेला चेहरा मेणाचा दिसतो. व्हीएचएसमध्ये रुंदीचा तपशील मुळातच सुमारे २४० रेषांचा असतो. त्यामुळे तीन तासांच्या टेपेस ७२० ऐवजी ३५२ बिंदूंची रुंदी ठेवली, तरी फारसे काही हरवत नाही, आणि ठिकऱ्या पुष्कळ कमी होतात. डीव्हीडीस ही रुंदी मान्य आहे.

काहीजण कापाकापी सुचवितात, व पहिली कात्री आहेराच्या रांगेवर चालवितात. आम्हांस हे मान्य नाही. त्या रांगेतच गावातील म्हातारी माणसे एकेक करून कॅमेऱ्यापुढे आलेली असतात. पुष्कळांचे तेवढेच हलते चित्र उरलेले असते. कापावयाचेच असेल, तर फिरणाऱ्या हृदयाकृती व मध्येच घातलेली सिनेमाची गाणी कापावीत. तरीही न मावल्यास दुसरी तबकडी घ्यावी: एकीवर ख्रिस्तमंदिरातील विधी, दुसरीवर मांडव. दुपदरी तबकडीत ८५० कोटी बाइट मावतात खरे, परंतु काही जुन्या प्लेअरांस ती वाचता येत नाही.

दाबताना गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही. म्हणून टेपेवरून उतरविलेली मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि टेपही फेकू नये. तयार झालेली तबकडी संगणकावर नव्हे, घरच्या टीव्हीवर लावून तपासावी, आणि पाहण्याची सुरुवात वरातीपासून करावी.