अनंतात बसवलेली बिजागरी

आमच्या व्हॅनचं मधलं दार लावायला दोन माणसं लागत. मी बाहेर उभा राहून हँडल धरायचो, उजवा गुडघा दाराच्या मागच्या कोपऱ्याखाली घालून दार बोटभर वर उचलायचो, आणि त्याच क्षणी बायको कंबरेने त्याला ठोसा द्यायची. दोघांचं जमलं तर 'खाड'. नाही जमलं तर दार अर्धवट अडकायचं आणि रस्ताभर कुरकुरत राहायचं. भंडारदऱ्याला धरणाकाठी रात्री अडीच वाजता आमच्यापैकी कुणाला उठावं लागलं, तर शेजारचे दोन तंबू जागे होत.

व्हॅन वीस वर्षांची. आधी ती शाळेची मुलं वाहायची. मागची बाकं काढून आम्ही प्लायवूडची बैठक ठोकली, तिच्याखाली शेगडी, पाण्याचा कॅन, दोन घोंगड्या. झाली आमची कॅम्पर. आपल्याकडे सरकतं दार म्हटलं की १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, डोळ्यांसमोर येते. २०१९पर्यंत ती बनत होती. दूधवाल्याची, डेकोरेशनवाल्याची, तालुक्याच्या रुग्णवाहिकेची गाडी. आणि हिंदी सिनेमात पळवापळवीची. नायिकेला उचलून आत ओढायचं तर सरकत्या दारासारखी सोय नाही, हे पटकथाकारांना फार लवकर कळलं होतं.

जगात कॅम्परचं आद्य रूप म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात, त्या फोक्सवॅगनच्या व्हॅनला मात्र सुरुवातीला हे दार नव्हतं. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७च्या एप्रिलमध्ये आपल्या वहीत एक पेटीसारखी गाडी रेखाटली. १९५०मध्ये ती वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, तेव्हा तिच्या कुशीला कपाटासारखी दुपाखी दारं होती. सरकतं दार आलं १९६३च्या सुमारास, तेही ज्याला हवं त्याने जादा पैसे मोजून घ्यावं असं. १९६७मध्ये गाडीची दुसरी पिढी आली तेव्हा कुठे ते सगळ्यांना मिळालं. अरुंद गल्लीत, भिंतीला खेटून माल उतरवणाऱ्यांचं त्याने भलं केलं. दाराशी छत ताणून संसार मांडणाऱ्या भटक्यांना तर ते वरदानच वाटलं असणार. ब्राझीलमधल्या भावंडाला, तिथल्या 'कोंबी'ला, ते मिळायला १९९७ साल उजाडावं लागलं.

एवढा उशीर का? मलाही प्रश्न पडला होता. गॅरेजात मिस्त्रींनी दार सोडवून गोणपाटावर आडवं ठेवलं, त्या दिवशी उत्तर दिसलं.

गाडीचं नेहमीचं दार वहीच्या पानासारखं असतं. एका कडेला शिवलेलं, त्या शिवणीभोवती फिरणारं. सरकत्या दाराला शिवणच नाही. दोघांनी मिळून उचलावं लागणारं ते धूड फक्त तीन जागी गाडीला धरून असतं. पुढच्या कडेला वर एक, पुढच्याच कडेला खाली पायरीशी एक, आणि मागच्या कडेला साधारण मध्यावर एक. प्रत्येक जागी एक लोखंडी हात, हाताच्या टोकाला छोटे रोलर, आणि रोलर धावायला एक चॅनेल. चुलीला धोंडे तीनच मांडतात, त्यामागे जे गणित आहे तेच इथे आहे. तीन टेकू कसेही मांडा, त्यांच्यावर एक सपाटी नेमकी बसते. चौथा आला की कुणीतरी एक अधांतरी राहतो आणि भांडं डुगडुगतं.

यातले वरचे आणि खालचे चॅनेल गाडीच्या आत दडलेले असतात, कारण दाराची पुढची कड उघडताना जेमतेम दरवाजाच्या चौकटीएवढंच अंतर कापते. मागची कड तेवढंच अंतर कापते, पण चौकट संपल्यावर, गाडीच्या अंगावरून. म्हणून तिचा चॅनेल बाहेर. व्हॅनच्या मागच्या कुशीवर खिडकीखाली जी आडवी खाच दिसते, ती मी लहानपणापासून नक्षी समजत होतो! वर खिडकीची काच, खाली चाकाची कमान. मध्ये ती एकच जागा रिकामी सापडते.

आता खरी गंमत. बंद असताना दार गाडीच्या पत्र्याशी समपातळीत हवं, आणि उघडताना त्याच पत्र्यावरून मागे जायला हवं. म्हणजे आधी बाहेर यायचं, मग मागे जायचं. त्यासाठी तिन्ही चॅनेल पुढच्या टोकाला आत वळवलेले असतात. आमच्या दाराची मागची कड आधी बाहेर येते, पुढची किंचित मागाहून. म्हणजे त्या वितभर प्रवासात दार थोडंसं फिरतंही. आणि जे फिरतं ते कशाभोवती तरी फिरतं. या दाराची बिजागरी मग कुठे आहे?

ती शोधायची युक्ती अठराव्या शतकात योहान बर्नुलीने मांडून ठेवली आहे. वरून पाहतोय असं समजा. पुढचा रोलर या घडीला ज्या दिशेने चालला आहे, तिला काटकोनात एक रेघ ओढा. मागच्या रोलरलाही तशीच. दोन रेघा जिथे भेटतील, तिथे त्या क्षणापुरती बिजागरी. वळणावर त्या भेटतात एखाद्या ठिकाणी, समजा गाडीच्या आत, नाहीतर रस्त्यावर. रोलर थोडे पुढे गेले की भेटीची जागा हलते. आणि दार सरळ सरकू लागलं की दोन्ही रेघा समांतर होतात, भेटतच नाहीत. गणितवाले म्हणतात, अनंतात भेटतात. मी दार ओढून लावतो तेव्हा एक अदृश्य बिजागरी अनंतातून धावत येते आणि आमच्या गाडीपाशी क्षणभर थांबते. हे कळल्यापासून त्या दाराकडे बघायची माझी नजरच बदलली आहे, त्याला इलाज नाही.

आमची बिजागरी वाट चुकली होती ती मागच्या रोलरपायी. मिस्त्रींनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. सुपारीएवढा, नायलॉनचा, आणि एका अंगाने चपटा. कुणी चावा घेतल्यासारखा. ''बघा साहेब, हा फिरतच नव्हता. घासत जात होता.'' आतलं बेअरिंग जाम झालेलं. चाक अडलं की ते चाक राहत नाही, खोडरबर होतं. एकाच बाजूने झिजत जातं. झीज असेल तीन मिलिमीटर. तेवढ्याने दाराची मागची बाजू खाली बसली, कुलपाचा आकडा खांबावरच्या खुंटीला समोरून भेटण्याऐवजी खालून आपटू लागला. माझा गुडघा इतके महिने ते तीन मिलिमीटर भरून काढत होता.

आणि दोषी मीच. दर पावसाळ्याआधी मी चॅनेलमध्ये बोटाने भरपूर ग्रीस भरायचो. मिस्त्रींनी त्यातलं थोडं चिमटीत घेऊन माझ्यासमोर चोळलं. काळं, आणि कचकच करणारं. ग्रीसने आमच्या भटकंतीतली सगळी धूळ धरून ठेवली होती आणि रोलर तिच्यात सहाणेवरच्या चंदनासारखा उगाळला जात होता. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन त्यांनी मलाच ते खरवडायला बसवलं. खालच्या चॅनेलमधून काय काय निघालं: पेन्सिलचे तुकडे, एक केसांची पिन, शेंगदाण्याची टरफलं, पंचवीस पैशांचं नाणं. शाळेची ती मुलं आता नोकरीला लागली असतील.

नवा रोलर नाना पेठेतून आणला. तो बसवायला दहा मिनिटं लागली, दार जुळवायला दोन तास. बोल्टची भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली असतात, दार वर-खाली आणि आत-बाहेर सरकवता यावं म्हणून. बोल्ट ढिला करण्याआधी मिस्त्रींनी खिळ्याने प्रत्येकाभोवती पत्र्यावर ओरखडा काढला. मूळ जागा हरवली तर परत यायला खूण हवी. मग खांबावरच्या खुंटीला खडू फासला, दार हलकेच टेकवलं, पुन्हा उघडलं, आणि आकड्यावर पांढरा डाग कुठे उमटला ते बघितलं. खूप खाली. जरा खाली. मग बरोबर मध्ये. शेवटी रबरात लग्नपत्रिकेची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. पुढच्या कडेला घट्ट, वर घट्ट, मागे सुळकन निघून आली. पुन्हा पाना.

सगळं जुळलं तरी दार शेवटच्या बोटभर अंतरावर हट्ट करत होतं. मी नाउमेद झालो. मिस्त्रींनी काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली केली आणि दार पुन्हा ओढलं. लागलं! बंद गाडीत दार आत येतं तेव्हा आतल्या हवेला जायला वाट नसते. हवेचा दाब हजारात एक भाग जरी वाढला, तरी चौरस मीटरभर दारावर आतून दहा किलोंचा रेटा बसतो. म्हणजे इतके दिवस आम्ही हवेशीही कुस्ती खेळत होतो.

गाडी घरी आणली. बायको खाली उतरली, सवयीने वळली. मी दार ओढलेलं तिने पाहिलंच नव्हतं. तिने कंबरेचा ठोसा दिला तेव्हा दार केव्हाच पुढे निघून गेलं होतं. गाडीला धरून ती कशीबशी सावरली. ''आधी सांगायचं ना!'' म्हणाली, आणि लगेच, ''थांब, मला उघडून बघू दे.''